कॅमेरा : आरशाचा कीं बिनआरशाचा ?

लग्नमुंजींचे दिवस जवळ आले कीं पुष्कळ घरांत कॅमेऱ्याचा विषय निघतो. वडील मंडळी म्हणतात, कपाटांतला डीएसएलआर काय वाईट आहे ? कॉलेजांतलीं मुलें म्हणतात, आतां मिररलेसचे दिवस आले. पैसा घरच्या सामाईक खर्चांतून जावयाचा असल्यामुळें हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं.

दोहोंतला भेद नांवांतच आहे. डीएसएलआरमध्यें लेन्सच्या मागें एक तिरपा आरसा असतो. प्रकाश त्यावरून वर वळतो व पंचकोनी लोलकांतून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. कळ दाबली कीं आरसा उचलला जाऊन प्रकाश संवेदकावर पडतो. मिररलेसमध्यें आरसाच नाहीं. संवेदकावर उमटणारी प्रतिमा एका चिमुकल्या पडद्यावर दिसते. म्हणजे खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीचा चेहरा काळा येणार असेल, तर तें कळ दाबण्यापूर्वींच समजतें. शिवाय नवीं यंत्रें माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतात. अंगणांत धांवणाऱ्या नातवाचे फोटो काढणाराला याचें मोल निराळें सांगावयास नको.

व्यापाराचा ओघही इकडेच आहे. पॅनासोनिकनें २००८ सालीं लेन्स बदलतां येणारा पहिला मिररलेस आणला. २०१८ मध्यें कॅनन व निकॉन यांनीं आपल्या मोठ्या संवेदकाच्या मिररलेस मालिका सुरू केल्या, आणि २०२० नंतर या दोघांनीं नवा डीएसएलआर काढलेला नाहीं.

मग जुना टाकावा काय ? मला तसें वाटत नाहीं. निकॉनचा डी-८५० (२०१७) आणि झेड-७ (२०१८) हे दोन्ही सुमारें ४५ मेगापिक्सेलचे. चित्राच्या प्रतींत फरक शोधूनच काढावा लागेल. वजन मात्र बॅटरीसह अनुक्रमें १००५ व ६७५ ग्रॅम. आणि प्रमाणित मोजणीप्रमाणें एका बॅटरीवर पहिला १८४० फोटो काढतो, तर दुसरा ३३०. प्रत्यक्षांत दोन्ही याहून अधिक काढतात. तरी मुंजीच्या दिवशीं शेवटपर्यंत बॅटरी पुरवावयाची असेल, तर मिररलेसबरोबर दुसरी बॅटरी घेतलीच पाहिजे.

खरा पैसा लेन्समध्यें गुंतलेला असतो. मिररलेसमध्यें लेन्स संवेदकाच्या फार जवळ बसते. निकॉनमध्यें हें अंतर ४६.५ मि.मी. वरून १६ मि.मी. वर आलें. मधल्या मोकळ्या जागेंत अडॅप्टर बसवून जुन्या लेन्स वापरतां येतात. परंतु ज्या जुन्या निकॉन लेन्समध्यें स्वतःची मोटार नाहीं, त्यांचा फोकस निकॉनच्या अडॅप्टरवर हातानेंच करावा लागतो. काकांच्या पेटींतल्या लेन्स आधीं तपासाव्या, मग दुकानांत जावें.

मंगलाष्टकें चालू असतांना आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर मोठा सोयीचा. पण कार्यालयांतल्या एलईडी दिव्यांखालीं त्याच्या चित्रांत आडवे पट्टे उमटूं शकतात. अशा वेळीं शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून पाहावा, नाहींतर साधा शटर वापरावा.

तेव्हां घरांत चालता डीएसएलआर असेल आणि वर्षांतून चार कार्यांनाच तो बाहेर निघत असेल, तर तोच ठेवून ५० मि.मी., एफ १.८ ची एक लेन्स घ्यावी आणि उरलेल्या पैशांत फोटोंची दुसरी प्रत ठेवण्यासाठीं डिस्क. घरांत कांहींच नसेल, तर मात्र नव्या पैशानें मिररलेसच घ्यावा. शिकणाऱ्या मुलास वापरलेला डीएसएलआर स्वस्तांत मिळाला तर उत्तमच.

एक गोष्ट बहुधा विसरली जाते. कार्यांत फोटो काढण्याचें काम ज्या सूनबाईकडे असतें (आणि म्हणून जी स्वतः एकाही फोटोंत नसते), तिला या चर्चेंत कोणी विचारीत नाहीं. दुकानांत तिलाच न्यावें. दोन्ही कॅमेरे लेन्ससह दहा-दहा मिनिटें तिच्या हातांत द्यावे, आणि मनगट कोणत्यानें दुखतें तें तिलाच सांगूं द्यावें.