‘सोबत जाते’ म्हणजे काय?

बुलडाणा जिल्ह्यातल्या लग्नाच्या बैठकींत हल्ली एक नवे वाक्य ऐकू येते. मुलगा परदेशी शिकायला निघालेला असतो, पत्रिका जुळलेली असते, आणि वरपक्षातले कुणीतरी वडीलधारे मोठ्या समाधानाने सांगतात, "लगन झालं की पोरगीबी सोबत जाईन, अजून काय पायजे?" बैठकीत सगळे माना डोलावतात. मुलीच्या वडिलांचा ऊर भरून येतो. मात्र ‘सोबत जाईन’ म्हणजे नेमके काय करीन, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे ती शिकणार की कमावणार, की चार भिंतींत नवऱ्याची वाट पाहत बसणार? आजच्या लेखाचा विषय हाच न विचारलेला प्रश्न आहे.

घर सोडून शिकायला जाणे या जिल्ह्याला नवे नाही. मलकापूर किंवा शेगावच्या फलाटावरून मुंबईची गाडी धरायची, हे इथल्या शिकणाऱ्या पोरांचे जुनेच प्राक्तन. १९८३ साली शेगावला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, आणि शेतकऱ्याघरच्या मुलांना इंजिनिअर होण्यासाठी जिल्हा सोडण्याची गरज उरली नाही. पुढची पायरी परदेशाची. त्यात इंग्लंड-अमेरिकेच्या जोडीला आता इटलीचे नाव येते आणि त्याचे कारण व्यवहारी आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. प्रांतिक शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ होते आणि जेवणाखाण्याचा, राहण्याचाही काही भार उतरतो. कपाशी-सोयाबीनवर घर चालवणाऱ्या बापाला ही गोष्ट मोठी वाटते, आणि ती आहेही.

इटलीची भूमी मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी तिथे लढल्या. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावी त्यांच्या नावे स्मारक उभे राहिले. परंतु शिपाई पलटणीबरोबर जातो. त्याची भाकरी, त्याची भाषा, त्याचा हुकूम, सारे पलटण पुरवते. विद्यार्थी जोडप्याला पलटण नसते. मीठ-मिरचीपासून पोलीस कचेरीतल्या कागदापर्यंत सगळे त्यांचे त्यांनाच पाहावे लागते.

ते काय काय असते, हे घरच्यांनी एकदा समजून घ्यावे. विमानातून उतरल्यावर आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्याचे पाकीट पोस्टात मिळते, त्यावर १६ युरोचे तिकीट लावायचे, मग ‘क्वेस्तूरा’ म्हणजे पोलीस मुख्यालयात बोटांचे ठसे द्यायला जायचे. प्रत्यक्ष परवाना हाती येईपर्यंत महिनेच्या महिने पोस्टाची पावती जिवापाड जपायची. सोळा अक्षरे-आकड्यांचा एक कर क्रमांक काढावा लागतो. त्याच्याशिवाय घरभाड्याचा करार होत नाही. घरमालक एक ते तीन महिन्यांचे भाडे अनामत मागतो. मोठ्या शहरांतली भाडी अशी, की २०२३ च्या मे महिन्यात मिलानमध्ये एका विद्यार्थिनीने निषेध म्हणून विद्यापीठासमोर तंबू ठोकला, आणि इतर शहरांतले विद्यार्थीही तेच करू लागले. तिथल्याच मुलांची ही गत, तर परदेशी जोडप्याची काय कथा!

औषधपाण्याचेही तसेच. सरकारी आरोग्यसेवेत नाव घालायला परदेशी विद्यार्थ्याला पूर्वी वर्षाला सुमारे १५० युरो पडत. २०२४ पासून ते ७०० युरो झाले आहेत. शिवाय हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजतात. ऑक्टोबरात पैसे भरले तरी ३१ डिसेंबरला मुदत संपते. दोघे विद्यार्थी असतील तर रक्कम दुप्पट. खाजगी विमा स्वस्त पडतो, पण त्यात काय बसते आणि काय नाही, हे बारकाईने वाचावे लागते.

सगळेच कठीण असते असे मात्र नाही. वऱ्हाडी जिभेला तिथे ओळखीचे बरेच काही सापडते. लिगुरिया भागात हरभऱ्याच्या पिठाची जाड धिरड्यासारखी ‘फारिनाता’ भट्टीत भाजतात. उत्तरेकडचा ‘पोलेंता’ म्हणजे मक्याच्या भरड पिठाचा घट्ट सांजाच. रोमान्या भागातली ‘पियादिना’ आपल्या पोळीची चुलत बहीण शोभेल. तूरडाळ आणि हिरवी मिरची बांगलादेशी दुकानदाराकडे मिळते. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन होते, त्याच दिवशी तिकडे ‘फेर्रागोस्तो’ची सुटी असते आणि सारे शहर दुकाने लावून समुद्रावर गेलेले असते. थंडीत घर तापवणारी यंत्रणा घरमालकाच्या मर्जीवर चालत नाही. मिलान-बोलोन्याच्या पट्ट्यात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल अशी तिची मुदत कायद्यानेच ठरलेली आहे. नोव्हेंबरातले धुके आणि दुपारी पाचलाच पडणारा अंधार मात्र कुठल्याही कायद्याने कमी होत नाही.

आता त्या घरातली माणसे पाहा. नवरा सकाळी विद्यापीठात जातो. त्याचे शिक्षण बहुधा इंग्रजीत चालते. त्याला सोबती मिळतात, प्राध्यापक मिळतात, चहाऐवजी कॉफी का होईना, पण ती प्यायला चार माणसे मिळतात. इंग्रजी वर्गाच्या दारापर्यंतच पुरते. जिन्यातली शेजारीण, भाजीवाला, डॉक्टरच्या दारातली बाई, पोलीस कचेरीतला कारकून, हे सगळे इटालियन बोलतात. म्हणजे ज्याला दिवसभर इंग्रजीवर भागवता येते तो वर्गात असतो, आणि जिला पावलोपावली इटालियन लागते ती घरात असते. भाषेची शिकवणी मात्र त्यालाच लावलेली असते! पुण्यात दोन वर्षे नोकरी केलेली, स्वतःच्या पगारातून भावाची फी भरलेली मुलगी तिथे दुकानात बोट दाखवून वस्तू मागते. तिची पदवी पेटीत, आणि पेटी पलंगाखाली.

यात कुणाचा दुष्टपणा असतो असे नाही. नवरा चांगला असतो, सासूसासरे प्रेमळ असतात. दोष असतो तो ‘सोबत’ या शब्दाला आपण दिलेल्या अर्थात. आपण सोबत म्हणतो, आणि मनात सावली धरतो.

त्यातच कायद्याने नवी गाठ मारली आहे. परदेशी माणसाने आपल्या जोडीदाराला इटलीत बोलावून घ्यायचे, तर ठरावीक उत्पन्न आणि पुरेसे घर दाखवावे लागते, हे आधीपासून होतेच. २०२४ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने बोलावणाऱ्याचे दोन वर्षांचे सलग कायदेशीर वास्तव्यही आवश्यक केले. पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो दोन वर्षांचा. म्हणजे अभ्यास संपेपर्यंत बायकोला बोलावण्याचा हक्कच लागू होत नाही. तेव्हा बैठकीत मुलीच्या बापाला दिलेला ‘सोबत जाईन’ हा शब्द पुष्कळदा पाळता येण्याजोगाच नसतो. लग्न होते, हळद उतरते, मुलगा जातो. मुलगी सासरी चिखलीत किंवा मेहकरात ‘व्हिसा केव्हा?’ या प्रश्नाला उत्तरे देत राहते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. जायचे तर दोघांनी विद्यार्थी म्हणून जावे. दोघांचा स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र व्हिसा, स्वतंत्र परवाना. विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा असते, ती दोघांनाही मिळेल. शिष्यवृत्तीचा अर्जही दोघांना करता येईल. मुख्य म्हणजे पोलीस कचेरीच्या रांगेत ती कुणाची तरी बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या कागदावर स्वतःच्या नावाने उभी राहील. ज्या देशात १६७८ साली पादुआच्या विद्यापीठाने एलेना कोर्नारो या स्त्रीला डॉक्टरेट दिली, आणि जगात ती पदवी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिची ओळख झाली, त्या देशात जाऊन आपल्या मुलीने पदवी पलंगाखाली ठेवावी काय?

यावर तीन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. दोघांचा खर्च कुठून आणायचा? प्रश्न खरा आहे. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पहिला हप्ता हाती पडायला काही महिने जातात, आणि तोवर घरून नेलेल्या पैशावरच दिवस काढावे लागतात. पण बिनकमाईचे दुसरे माणूस पोसण्याचा खर्चही तिथे लहान नसतो, हा हिशेब आपण करत नाही. आणि खर्च झेपत नसेल तर दुसरा मार्ग आहे. पाळीपाळीने शिकावे. इरावती कर्वे १९२८ मध्ये जर्मनीत डॉक्टरेटसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे पती दिनकर कर्वे इथे होते. ते स्वतः आधी जर्मनीत शिकून आलेले होते. त्याहीपूर्वी १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेला निघाल्या, आणि गोपाळराव नंतर पोहोचले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मराठी घरांना जे सुचले, ते आज अवघड का वाटावे?

दुसरा आक्षेप असा, की तिलाच घर सांभाळायचे असेल तर? तर तिने जरूर सांभाळावे. मात्र तो तिचा निर्णय असावा, आणि तो तिथल्या भाषेची चार वाक्ये शिकून, बँकेत स्वतःचे खाते उघडून घेतलेला असावा. नाइलाजाला निर्णय म्हणू नये.

तिसरा आक्षेप मोठ्याने कुणी बोलत नाही. दोघेही शिकायला लागले तर घरकाम कोण करणार? उत्तर सोपे आहे. दोघांनी करायचे. इटली याबाबत स्वर्ग आहे असे मुळीच नाही. युरोपीय संघात नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ज्या देशांत सर्वांत कमी, त्यांत इटली आहे. नवरा हाच कुटुंबप्रमुख, ही तरतूद तिथल्या कायद्यातून १९७५ मध्ये गेली. पण विद्यार्थ्यांच्या दोन खोल्यांत मोलकरीण नसते, सासू नसते. तिथे जावई भांडी घासताना व्हिडिओ कॉलवर दिसला तर शेगावात कुणी तोंड वाकडे करू नये. उलट, पोरगी सुखात आहे असे समजावे.

घरच्यांनाही काही गोष्टी करता येतात. लग्नाचे फोटो तिथे पुरावा धरत नाहीत. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत वेळेवर करून घ्यावी. परदेशासाठीच्या ‘अपोस्टील’ शिक्क्याची सोय आपल्याकडे २००५ पासून आहे, तो घ्यावा. उत्पन्नाचा दाखला, घर किती चौरस मीटर, बँकेत किती शिल्लक, हे सगळे शिष्यवृत्तीला लागते. ते मुलीच्या माहेरचेही लागेल, हे तिच्या भावांनी लक्षात ठेवावे. आणि लग्न झाल्याबरोबर मुलीचे नाव बदलण्याची घाई करू नये. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, मग ही एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात. इटलीत लग्नानंतरही बायकांचे आडनाव कागदावर माहेरचेच राहते. तेव्हा त्यात तिथल्या कारकुनाला नवल वाटणार नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक. मुलाच्या परदेशी शिक्षणाचे पैसे मुलीकडच्यांनी द्यावेत, अशी मागणी गोड शब्दांत होऊ लागली आहे. ‘तिचेच तर भले आहे’ असे म्हटले जाते. १९६१ च्या कायद्याने याला हुंडाच म्हणतात, मग तो युरोत असला म्हणून काय झाले? २००६ साली पंतप्रधानांचे मदत पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले, त्यांत बुलडाणा होता. ते का आले, हे इथल्या कुठल्याही घराला सांगायला नको. अशा जिल्ह्यात मुलीच्या बापाने शेत गहाण टाकून जावयाला इटलीला पाठवावे, आणि मुलीने तिथे मुकेपणाने दिवस काढावेत किंवा इथेच वाट पाहावी, हा सौदा आतबट्ट्याचा आहे. तोच पैसा बापाने मुलीच्या स्वतःच्या प्रवेशासाठी लावला, तर निदान तो त्याच्या लेकीच्या नावावर तरी राहील.

येत्या लग्नसराईत कुणाच्या बैठकीत हे वाक्य निघाले, तर वधूपित्याने भीड न ठेवता विचारावे, "सोबत जाईन ते ठीक. पण हिचा प्रवेश कोणत्या विद्यापीठात घ्यायचा?" उत्तर काय येते त्यावर पुढची सुपारी फोडायची की नाही, ते ठरवता येईल.