रसिक मंत्रमुग्ध झाले, पुढं?

आमच्या अंबाजोगाईत गाण्याची बैठक झाली की दुसऱ्या दिवशीची बातमी मी न वाचताच सांगू शकतो. दीपप्रज्वलन कुणी केलं, प्रास्ताविक कुणाचं, मंचावर कोण कोण बसलं, आभार कुणी मानले. आणि मधे कुठंतरी एक ओळ, 'सुमधुर गायनाने रसिक मंत्रमुग्ध झाले.' राग कोणता, विलंबित रेंगाळलं का, तबलजी साथ करत होता की स्वतःचंच दामटत होता, कशाचा पत्ता नाही. पेटीवाल्याचं नाव तर हटकून गाळलेलं. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला मी स्वतःच पेटीची साथ करतो, त्यामुळं मला हे जरा जास्त झोंबतं.

ऐकणाऱ्यांची बीड जिल्ह्यात वाण नाही. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहाला लोक मफलर गुंडाळून गाणं ऐकतात. भजनातला साधा टाळकरीही लय सरकली की मान वर करून बघतो. वाण आहे ती ऐकलेलं कागदावर मांडणाऱ्याची.

त्यानं काय फरक पडतो? अमेरिकेत जॅझमधल्या स्विंगचा जमाना होता तेव्हाची, 1936 सालची गोष्ट. जॉन हॅमंड या टीकाकारानं शिकागोत गाडीतल्या रेडिओवर काउंट बेसीचा बँड ऐकला. बेसी तेव्हा कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबात वाजवायचा. हॅमंड 'डाउनबीट' मासिकात त्याच्याबद्दल लिहीत सुटला आणि वर्ष संपायच्या आत बँड न्यूयॉर्कला पोचला. पुढच्या वर्षी त्यात फ्रेडी ग्रीन हा गिटारवादक आला, तोही हॅमंडच्या शिफारशीनं. जवळपास पन्नास वर्षं त्या बँडाची लय ग्रीनच्या हातात होती.

हाच हॅमंड जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनवर मात्र घसरला. आई गेल्यावर, 1935 मध्ये, एलिंग्टननं तबकड्यांच्या चार बाजू व्यापणारी रचना केली. हॅमंडनं तिचे वाभाडे काढले. एलिंग्टननंही नंतर छापील उत्तर दिलं: हा गृहस्थ टीकाही लिहितो आणि रेकॉर्डच्या धंद्यातही आहे. मला एलिंग्टनचं पटतं. पण दोघं कागदावर भांडले, म्हणून आज इतक्या लांबून मला बाजू तरी घेता येते.

मराठीत असे लोक नव्हते असं नाही. केशवराव भोळ्यांनी गायकांवर परखड लिहिलं आणि 'कुंकू' चित्रपटाला संगीतही दिलं. पेशानं हिशेबतपासनीस असलेल्या वामनराव देशपांड्यांनी 1961 मध्ये 'घरंदाज गायकी' लिहिलं. घराण्यांवर आपण आजही त्यांच्याच शब्दांत वाद घालतो. पण हे भाग्य गवयांचं, वादकांचं नव्हे. गोव्याचा चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (1951) तो पडद्यावरही दिसतो. त्यातली गाणी आमच्याकडच्या वरातीच्या बँडांनीही दणकून वाजवली. त्याच्यासारख्या जॅझवाल्यांची कहाणी सविस्तर लिहिली ती नरेश फर्नांडिस यांनी, तीही इंग्रजीत आणि चिक चॉकलेटला जाऊन चार दशकं उलटल्यावर.

तेव्हा जिल्ह्यातल्या संपादकांना एक विनंती. यंदा पाहुण्यांची यादी दोन ओळींत आवरा आणि तयार कानाच्या कुणाला तरी दोनशे शब्द द्या. तो आयोजकांपैकी नसावा, कलाकाराचा शिष्य तर नसावाच. साथीदारांची नावं न चुकता छापा. गायक रागावला तर रागावू द्या. त्याचं पत्र आलं तर तेही छापा.