दगडात कोरलेले भाव
इ.स. 301मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने महागाईवर जालीम उपाय काढला: बाजारभावच कायद्याने बांधून टाकले. बाराशेहून अधिक वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर दगडांवर कोरून लावले; जास्त घेईल त्याला थेट मृत्युदंड. यादी वाचण्यासारखी आहे. न्हाव्याला गिऱ्हाइकामागे 2 दिनारियस (रोमन नाणी), शेतमजुराला जेवूनखाऊन दिवसाला 25, आणि आफ्रिकेतल्या सिंहाला दीड लाख! (सिंहाचा काळाबाजार कोण करत होतं, देव जाणे.) सम्राटाने सगळं खापर हावऱ्या व्यापाऱ्यांवर फोडलं. नाण्यातली चांदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या सरकारी टांकसाळींनीच खाल्ली होती. मग व्हायचं तेच झालं. त्या काळचा लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो की भीतीने माल बाजारातून गायब झाला, किरकोळ वस्तूंपायी रक्त सांडलं, महागाई आणखी भडकली आणि शेवटी कायदा गुंडाळावा लागला. अर्थात हा लेखक ख्रिस्ती, आणि सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. तेव्हा थोडं तिखटमीठ असणारच. शिवाय हे गृहस्थ निकोमीडिया शहरात वक्तृत्वाचे शिक्षक होते, तेही सम्राटानेच बोलावून घेतलेले. आणि त्या विषयाची फीसुद्धा यादीत बांधलेली होती, विद्यार्थ्यामागे महिना 250.