वेसाव्याच्या किल्ल्याचा दरवाजा

अंधेरीहून वेसाव्यास जावें, तरीनें खाडी उतरावी आणि मढच्या कोळीवाड्यांतून समुद्राच्या अंगाला चालत जावें, म्हणजे काळ्या दगडाचा एक किल्ला लागतो. कोणी त्यास वेसाव्याचा किल्ला म्हणतात, कोणी मढचा. सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनीं मार्व्याच्या खाडीवर नजर ठेवण्यासाठीं तो बांधला आणि १७३९ च्या फेब्रुवारींत मराठ्यांनीं तो घेतला. बाहेरून पाहतां त्यानें अजून तग धरली आहे; आंत मात्र पडझड झाली आहे. जागा वायुदलाच्या ताब्यांत असल्यामुळें परवानगीवांचून आंत पाऊल टाकतां येत नाहीं. सिनेमावाल्यांनीं मात्र तो अनेकदां पडद्यावर नेला. ज्या कोळणी त्याच्या शेजारीं मासळी सुकवितात, त्यांनीं तो पडद्यावरच पाहावा, ही गोष्ट आम्हांस खटकते.

किल्ल्याचा दरवाजा म्हणजे काय, हें आमच्या कारागीर वाचकांस चटकन् उमजेल. तटाला वाट ठेवणें म्हणजे तट तेवढा दुबळा करणें. म्हणून सारी अक्कल तेथेंच खर्च करावी लागते. दोन्ही अंगांस बुरूज घ्यावयाचे. वाट सरळ न नेतां वळवावयाची, म्हणजे हत्तीला किंवा ओंडक्याला धांव मिळत नाहीं. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडविला आहे कीं जवळ जाईतों दिसत नाहीं. आंत पहारेकऱ्यांच्या देवड्या, फळ्यांमागें अडसर, अडसरासाठीं भिंतींत खोल खोबण, आणि मोठें दार न उघडतां माणूस वांकून एकेकटा यावा म्हणून दिंडी. वर कमान. तिचे दगड पाचरीसारखे घडलेले असतात व एकमेकांच्या भारावरच उभे राहतात. एक निसटला कीं शेजारचे सैल पडतात. तो ताशीव दगड पाथरवटानें घडविला, फळ्या सुतारानें सांधल्या, खिळे लोहारानें ठोकले, चुना भाजणारांनीं भाजला आणि घाणीला बैल जुंपून दळला. कप्तानाचें व सुभेदाराचें नांव बखरींत राहतें, पाथरवटाचें राहत नाहीं.

असल्या दरवाजाचे आज दोन वैरी आहेत. एक पिंपळ. पांखराच्या विष्ठेंतून बीं सांध्यांत पडतें, मूळ जाड होतें आणि तोफेला न हललेला दगड तें हलवितें. वरून खोड तोडून कांहीं होत नाहीं. मूळ मारावें लागतें, व तेंही दगड न उपटतां. दुसरा वैरी सिमेंट. जुना चुना ओल घेतो व सोडतो. त्यावर सिमेंट थापलें कीं ओल व खारें पाणी आंतच कोंडतें आणि दगडाचे पापुद्रे निघतात. गांवच्या जुन्या गवंड्यास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. ठेका मात्र त्यास मिळत नाहीं.

आतां वांद्र्याकडे पाहा. तेथला किल्ला १६४० चा. १७३९ सालीं मराठ्यांची स्वारी चालू असतां तो त्यांच्या हातीं पडून माहीमवर तोफा वळतील या भयानें इंग्रजांनीं मोडविला. उरला तो थोडका भाग. त्याच्या एका दरवाजाची विटांची कमान पडावयास आली होती. २००३ सालीं तेथील रहिवाशांच्या ट्रस्टनें काम हातीं घेतलें, शबाना आझमी यांच्या खासदारनिधींतूनही पैसा मिळाला, आणि कमान व लाटांनीं पोखरलेला पाया दुरुस्त झाला. चांगलें झालें. परंतु वांद्र्याचे रहिवासी मोठे, त्यांचा शब्द कचेरींत पोंचतो. मढच्या कोळ्याचा शब्द तरीच्या धक्क्यापलीकडे जात नाहीं.

आमच्या माणसांस 'संरक्षण' या शब्दाची धास्ती कां वाटते, हेंही सांगितलें पाहिजे. केंद्राच्या कायद्यांत २०१० सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम बंद, आणि त्यापुढें आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीनें. जुन्या घराची डागडुजी करावयाची तरी अर्ज. जोगेश्वरीच्या लेण्यांभोंवतीं राहणारांस हें नव्यानें सांगावयास नको. कायदा वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. बिल्डरांच्या या मुलखांत तो नसता तर काय झालें असतें, तें उघड आहे. परंतु टोलेजंग इमारत आणि कोळ्याचें गळकें छप्पर यांस एकाच मापानें मोजूं नये. आणि आपणही अगदीं निर्दोष नाहीं. पडक्या किल्ल्यांचे घडीव दगड किती घरांच्या जोत्यांत गेले आहेत, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं आठवावें.

जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत गेले. त्यांत खांदेरीसारखा समुद्रांतला किल्लाही आहे. आनंदच आहे, पण यादीबाहेरच्या दरवाजांस त्यामुळें छत्र मिळत नाहीं. मढसाठीं आमचें मागणें लहान आहे. पावसाळा संपला कीं दरसाल तटावरचीं झाडें काढावींत. डागडुजी चुन्यानेंच व्हावी आणि त्या कामावर गांवचीं व जवळच्या पाथरवट-वडारांचीं पोरें शिकाऊ म्हणून घ्यावींत. संरक्षणाची हद्द आंखण्यापूर्वीं कोळीवाड्याचीं घरें मोजून नोंदवावींत. वायुदलाच्या बंदोबस्ताला बाध न येतां वर्षांतून एक दिवस तरी गांवकऱ्यांस आंत जाऊं द्यावें.

मढ व वेसाव्याच्या जमातींनीं मिळून असा अर्ज करावा. तो लिहून देण्यास कोणी नसेल तर आमच्या कचेरींत यावें. कागद व शाई आमची.