दिव्यातील दव आणि हमीचे मोल

पावसाळा स्थिरावला की मोटारगाडी बाळगणाऱ्यांच्या नित्याच्या तक्रारींत आणखी एका, वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीची भर पडते. गाडीच्या पुढच्या दिव्याच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरलेली दिसते. ती आत असल्याने फडक्याने पुसता येत नाही. मालक गाडी घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे जातो. तेथील कर्मचारी दिव्याकडे एक ओझरती नजर टाकतो आणि म्हणतो, 'साहेब, पावसात असं होतंच. नॉर्मल आहे.' गाडी हमीकालात आहे, कागदपत्रे हाताशी आहेत, दोष उघड्या डोळ्यांना दिसतो आहे. तरीही मालक आला तसा परत जातो. हे 'नॉर्मल' कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे आणि तो एका दिव्यापुरता मर्यादित नाही.

प्रथम त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९४० पासून सुमारे चार दशके मोटारींना सीलबंद काचेचे दिवे वापरले जात. त्यांत बाहेरच्या हवेला शिरकावच नव्हता. आजचा दिवा तसा नाही. त्याची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते, आणि दिव्याच्या पाठीमागे हवा खेळण्यासाठी बारीक झरोके मुद्दाम ठेवलेले असतात. दिवा पेटला की आतली हवा तापून प्रसरण पावते, विझला की आकुंचन पावते. झरोके नसतील तर हा दाब सांध्यांवर येईल. मात्र त्याच झरोक्यांतून दमट हवाही आत जाते, आणि रात्रीच्या गारव्याने किंवा गाडी धुताना थंड पाण्याने काच निवली की त्या हवेतील बाष्पाचे दव बनते. नव्या एलईडी दिव्यांत प्रकाशाबरोबर पुढे फेकली जाणारी उष्णता कमी असल्याने हे दव सुकायला अधिक वेळ लागू शकतो. तात्पर्य, काचेच्या कडेला धरलेली आणि दिवा लावून काही काळ गाडी चालवल्यावर निघून जाणारी पातळ वाफ हा दोष नव्हे.

परंतु काचेवरून ओघळणारे थेंब, दिव्याच्या तळाशी साचलेले पाणी, कोरड्या हवेतही न हटणारी वाफ किंवा दोनपैकी एकाच दिव्यात वारंवार दिसणारा ओलावा ही गोष्ट निराळी आहे. सांध्याचा चिकटपट्टा सुटला आहे, काचेला चीर गेली आहे, मागचे झाकण नीट बसलेले नाही अथवा झरोका बुजला आहे, असे त्यावरून समजावे. अशा दिव्यातील परावर्तक कालांतराने काळवंडतो, विजेच्या जोडण्या गंजतात आणि प्रकाश विखुरतो. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत मुसळधार पावसाच्या रात्री रस्त्याची कड दिसणे न दिसणे ज्यावर अवलंबून असते, तो दिवा केवळ शोभेची वस्तू नाही.

म्हणजे दोष आणि अदोष यांतील सीमारेषा अस्तित्वात आहे. अडचण इतकीच, की ती ग्राहकाच्या हातात नाही. दिवा लावल्यावर किती वेळात वाफ जावी, किती ओलावा चालेल, याचा स्पष्ट निकष ग्राहकाला दिलेल्या हमीपुस्तिकेत सहसा आढळत नाही. निकष लावणारा तोच, निकाल देणारा तोच आणि खर्च वाचणाराही तोच, अशी ही व्यवस्था आहे. हमीतील दुरुस्तीचा खर्च विक्रेता उत्पादकाकडून वसूल करतो आणि उत्पादक तो नाकारू शकतो. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला 'नॉर्मल' हा शब्द सर्वांत निर्धोक वाटावा यात नवल नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकरलॉफ यांची आठवण होईल. १९७० साली त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले, की वस्तूच्या गुणवत्तेची माहिती विक्रेत्याला असते आणि ग्राहकाला नसते, तेथे चांगला माल बाजारातून हटू लागतो. या कार्यासाठी त्यांना २००१ साली अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या विषमतेवर त्यांनी जे उपाय सांगितले त्यांत हमी हा एक होता. माझ्या मालावर माझा इतका विश्वास आहे की तो बिघडल्यास भुर्दंड मी सोसेन, असे विक्रेता हमीतून सांगत असतो. परंतु बिघाड कशाला म्हणायचे हेही तोच ठरवू लागला, तर माहितीची जी विषमता दूर करण्यासाठी हमी जन्माला आली, तीच हमीच्या आत येऊन बसते.

मग ग्राहक भांडत का नाही? कारण त्याचे गणित सरळ आहे. शिक्षकाला किंवा कारकुनाला दोन वेळा सर्व्हिस सेंटरला जायचे तर दोन किरकोळ रजा खर्ची पडतात, आणि निकालाची शाश्वती नाही. प्रत्येकाचे नुकसान लहान, म्हणून प्रत्येक जण गप्प. या सर्व लहान नुकसानांची बेरीज मात्र एकाच ठिकाणी नफा म्हणून जमा होते. विखुरलेल्यांचे हित संघटित हितापुढे का हरते, याची मीमांसा मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्येच केली होती.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया १९६६ साली मुंबईतच स्थापन झाली. ग्राहक पंचायतीची चळवळ सत्तरच्या दशकात येथेच रुजली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे शुल्क नाही. आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. 'दोष' या शब्दाची कायद्यातील व्याख्या गर्भित कराराचाही समावेश करण्याइतकी व्यापक आहे. बाहेरच्या कारागिराकडे जाण्याच्या वाटेबाबतही २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार उत्पादकांविरुद्ध निर्णय देताना सुट्या भागांच्या पुरवठ्यावरील निर्बंध आक्षेपार्ह ठरवले होते. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. थोडक्यात, कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती पुराव्याची.

तो पुरावा निर्माण करणे ग्राहकाच्या हाती आहे. वाफ दिसताच तारखेसह छायाचित्र घ्यावे. अर्धा तास दिवा लावून गाडी चालवल्यावर पुन्हा घ्यावे. तक्रार तोंडी न करता जॉबकार्डावर लिहून घ्यावी आणि नकार मिळाला तर तोही कारणासह लेखी मागावा. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळ तोंडी नकार विरघळतात, हा व्यवहारातला अनुभव आहे. हमीकाल संपत आला असेल तर त्यापूर्वी तक्रारीची नोंद झालीच पाहिजे. त्याचबरोबर, जास्त शक्तीचा दिवा बसवण्यासाठी मागचे रबरी झाकण कापणे किंवा दिवा कोपऱ्यावरच्या कारागिराकडून उघडून घेणे म्हणजे स्वतःच्या हाताने हमी घालवणे होय, हेही ध्यानात ठेवावे. हक्क सांगणाऱ्याने आपली बाजू स्वच्छ ठेवली पाहिजे.

शासनाकडून अपेक्षा दोनच. हमीपुस्तिकेत अशा नेहमीच्या तक्रारींचे निकष आकड्यांत आणि मराठीसह प्रादेशिक भाषांत छापणे उत्पादकांवर बंधनकारक करावे. आणि हमीतील प्रत्येक नकार सकारण व लेखी असावा. यामुळे गाड्या महागतील, असा आक्षेप येईल. परंतु सदोष दिव्याचा खर्च आजही कोणीतरी सोसतोच आहे. तो अनभिज्ञ ग्राहकाच्या खिशातून चोरपावलांनी जाण्याऐवजी किमतीत उघडपणे दिसला, तर चांगला दिवा बनवणाऱ्याला त्याचे श्रेय मिळेल आणि वाईट बनवणाऱ्याला सुधारावे लागेल. बाजारपेठेची शिस्त म्हणतात ती हीच.

दिव्यातील दव उन्हाने सुकते. हमीच्या शब्दांत साचलेले धुके मात्र आपोआप हटणारे नाही; ते हटवण्यासाठी ग्राहकाने लेखणी उचलली पाहिजे.