आजारपण म्हणजे माघार नव्हे

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा मधुमेहाकडे, रक्तदाबाकडे, नाहीतर कॉलेजच्या आठवणींकडे वळतो. यंदा मी फुटबॉलविषयी लिहीत आहे. संपादकांनी क्षमा करावी. परंतु विषय अखेर आपल्याच खात्यातला आहे.

जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषक स्पर्धेचे यजमानपद भारताकडे होते. सामने नवी मुंबई, मुंबई व पुणे येथे. बारा संघ, चार-चारांचे तीन गट. आपल्या गटात चीन, चिनी तैपेई आणि प्रथमच पात्र ठरलेला इराण. भारतीय मुली २००३ नंतर या स्पर्धेत उतरत होत्या आणि २०२३ च्या विश्वचषकाची वाट येथूनच जात होती. २० जानेवारीस नवी मुंबईत इराणविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्या संध्याकाळी मी इंदुरात, स्वतःच कोविडबाधित होऊन, माडीवरच्या खोलीत कोंडलेला होतो. ताट दाराशी ठेवले जाई. टीव्ही हाच काय तो सोबती. बरोबरीने मन खट्टू झाले, पण दोन सामने हाती होते.

ते दोन सामने झालेच नाहीत. २३ तारखेस चिनी तैपेईविरुद्ध उतरण्यास गोलरक्षकासह तेरा खेळाडू उपलब्ध नव्हते. इतक्या मुली बाधित झाल्या होत्या. आशियाई महासंघाच्या महामारीकालीन नियमाप्रमाणे अशा संघाने स्पर्धेतून माघार घेतली असे मानावयाचे. तसे मानले गेले. इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला.

बाधित खेळाडूंना मैदानाबाहेर ठेवले यास माझा तिळमात्र आक्षेप नाही; मी तेच केले असते. आक्षेप आहे तो 'माघार' या शब्दाला आणि त्यापाठोपाठ आलेल्या शिक्षेला. आपण रोज आजारपणाचे दाखले लिहितो. गैरहजर आणि आजारी यांतला भेद शाळेच्या कारकुनालाही कळतो. त्या आठवड्यात माझा दवाखाना बंद होता, म्हणून मी वैद्यकी सोडली असे कोणी मानले नाही.

आता गटसाखळीचे वेळापत्रक वैद्याच्या नजरेने पाहा. सामने २०, २३ आणि २६ जानेवारीस. ओमायक्रॉनचा अधिशयन काळ साधारण तीन दिवसांचा, म्हणजे दोन सामन्यांतील अंतराएवढाच. त्या महिन्यातील सरकारी सूचनांनुसार सौम्य रुग्णाचे विलगीकरण किमान सात दिवसांचे. पहिल्या सामन्याच्या दिवशी बाधित ठरलेली खेळाडू गट आटोपेपर्यंत परतणे शक्यच नव्हते. बाद फेरीत निदान हरलेला संघ घरी जातो. येथे एका न झालेल्या सामन्याने खेळलेला सामनाही पुसला आणि पुढचाही नेला.

दुसरा मार्ग नव्हता काय? जून २०२१ मध्ये पुरुषांच्या कोपा अमेरिका स्पर्धेत ब्राझीलविरुद्धच्या सलामीच्या तोंडावर व्हेनेझुएलाचे अनेक खेळाडू बाधित निघाले. दक्षिण अमेरिकी महासंघाने बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली आणि त्यांनी पंधराजण नव्याने बोलावले. ब्राझीलकडून ०-३ हरले, पुढे कोलंबिया आणि इक्वेडोर यांच्याशी बरोबरी साधली, गटात तळाला राहिले. पण मैदानावर हरून राहिले.

याचे दुसरे टोकही आहे आणि ते मला मान्य नाही. आपला संघ बाहेर पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आफ्रिकी चषकात कोमोरोसला गोलरक्षकाविना खेळावे लागले. बचावपटू शाकेर अलहाधुर गोलात उभा राहिला. कॅमेरूनकडून संघ १-२ ने हरला. जगाने कौतुक केले, परंतु नवख्याला गोलात उभे करणे ही काही व्यवस्था नव्हे. माझ्या मते प्रत्येक संघाची छोटी राखीव तुकडी मुख्य संघापासून अलग, दुसऱ्या निवासात ठेवणे हाच शहाणपणाचा उपाय. प्रतिस्पर्ध्यांवर अन्याय होईल, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की तो सामना न खेळणे चिनी तैपेईच्या मुलींना तरी गोड लागले असेल काय?

५ जुलै २०२५ रोजी चिआंग माई येथे थायलंडला २-१ असे हरवून भारतीय मुली २०२६ च्या आशियाई चषकास पात्र ठरल्या; पात्रता फेरीतून तेथवर पोहोचण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. बातमी वाचून मी पत्नीला हाक मारली. तिला प्रथम ती खोली आणि दाराशी ठेवलेली ताटे आठवली. मला मात्र तो रद्द झालेला, पण मी नव्वद मिनिटे डोळ्यांनी पाहिलेला सामना आठवला.