चावडी आणि चाव्या

साधनाची निवड ही केवळ सोयीची बाब आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. लेखणी कोणती घ्यावी हे हाताच्या सवयीवर सोडावे, तसेच संगणकावर संभाषण करण्यासाठी कोणती आज्ञावली वापरावी हेही ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे, असे म्हटले जाते. इंटरनेट रिले चॅट, म्हणजेच ‘आयआरसी’, या जुन्या संभाषणपद्धतीचा इतिहास पाहिला म्हणजे या समजातील अपुरेपणा लक्षात येतो.

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ही पद्धत निर्माण केली. तिचे नियम मे १९९३ मध्ये ‘आरएफसी १४५९’ या जाहीर दस्तऐवजात नोंदले गेले. नियम जाहीर असल्यामुळे ते पाळणारी आज्ञावली कोणीही लिहावी आणि कोणीही वापरावी, अशी मुभा राहिली. विंडोजवर १९९५ साली ‘एमआयआरसी’ आली. टर्मिनलवर काम करणाऱ्यांसाठी १९९९ मध्ये ‘इर्सी’ आणि २००३ मध्ये ‘वीचॅट’ आली. एकाच चॅनेलवर बसलेल्या दहा जणांकडे दहा वेगवेगळे क्लायंट असले, तरी बोलण्यात खंड पडत नाही. चावडी एक, पण तिच्यावर येण्याच्या वाटा अनेक, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचे मोल क्लायंट बंद पडतो तेव्हा कळते. ‘हेक्सचॅट’ या बहुपरिचित क्लायंटच्या कर्त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये अखेरची आवृत्ती काढून काम थांबविले. तो वापरणाऱ्यांना दुसरा क्लायंट शोधावा लागेल, हे खरे. परंतु त्यासाठी त्यांना आपले सोबती सोडावे लागणार नाहीत. म्हणूनच क्लायंट निवडताना त्याची रंगरंगोटी पाहण्यापूर्वी दोन गोष्टी पाहावयास हव्यात. त्याची निगा राखणारे हात आजही कामावर आहेत काय, आणि सर्व्हरशी होणारे दळणवळण तो सांकेतिक रूपात सुरक्षित पाठवितो काय?

मराठी भाषकांनी यात तिसरी कसोटी घालावी. आयआरसीच्या नियमांनुसार एका संदेशाची लांबी, त्यातील तांत्रिक मजकुरासह, ५१२ बाइटांपुरती मर्यादित आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘क्षि’ एवढे एकच अक्षर बारा बाइट खाते. साहजिकच मराठी वाक्य लवकर भरते. अशा वेळी दक्ष क्लायंट संदेशाचे योग्य जागी दोन भाग करतो, निष्काळजी क्लायंटमध्ये तो मध्येच तुटतो. शिवाय पुष्कळ टर्मिनलांवर जोडाक्षरे आणि मात्रा विस्कटतात. त्यामुळे जाणकारांनी वाखाणलेला क्लायंट मराठीसाठी योग्य असेलच असे नाही. यंत्रावर त्याच्या निर्मात्याच्या भाषेचा ठसा उमटतोच. ‘आरएफसी १४५९’ मध्ये महिरपी कंसांना चौकोनी कंसांची लहान लिपीतील रूपे मानले आहे, आणि त्याचे कारण या पद्धतीचा स्कँडिनेव्हियन उगम असे नमूद केले आहे.

क्लायंट हा आपला स्वतःचा प्रश्न असतो. बॉट हा सर्वांचा. मूळ पद्धतीत चॅनेलवर जो प्रथम येईल त्याच्याकडे अधिकार जात, आणि सर्वजण निघून गेले की चॅनेलच नाहीसे होई. रिकामी जागा कोणीही बळकवावी, अशी ही स्थिती होती. तिच्यावर उपाय म्हणून रॉबी पॉइंटर यांनी डिसेंबर १९९३ मध्ये ‘एगड्रॉप’ हा बॉट लिहिला. तो रात्रंदिवस जागा अडवून बसे आणि अधिकार सांभाळी. पुढे डालनेटसारख्या जाळ्यांनी मालकीची नोंद ठेवणाऱ्या सेवा स्वतःच पुरविल्या. म्हणजे आज पहिला प्रश्न, कोणता बॉट घ्यावा हा नसून, बॉट हवाच काय, हा आहे. हवा असेल तर त्याला कामापुरताच अधिकार द्यावा. बैठकीचे टिपण ठेवणाऱ्या बॉटला सभासदांना हाकलण्याचा अधिकार कशासाठी? आणि तो बोलणे नोंदवून ठेवीत असेल, तर ते बोलणाऱ्यास आधी माहीत असलेच पाहिजे. न सांगता नोंद करणारा सेवक हा सेवक नव्हे, तो पाळत ठेवणारा होय.

अधिकाराच्या चाव्या कोणाकडे आहेत, हा प्रश्न मे २०२१ मध्ये उघड्यावर आला. फ्रीनोड या मोठ्या जाळ्याच्या ताब्यावरून वाद होऊन तेथील स्वयंसेवकांनी राजीनामे दिले आणि ‘लिबेरा चॅट’ हे नवे जाळे उभारले. फ्रीनोडच्या नव्या व्यवस्थापनाने, विषयपट्टीत लिबेराचे नाव असलेली शेकडो चॅनेले ताब्यात घेतली. तरीही अनेक समाज अल्पावधीत नव्या जागी गेले. क्लायंट तोच राहिला, सर्व्हरचा पत्ता तेवढा बदलला.

आयआरसी जुनी आहे, चित्रे पाठविण्यास गैरसोयीची आहे, जोडणी तुटली की मधले बोलणे हुकते, हे आक्षेप खरे आहेत. सर्वांनी तिच्याकडे वळावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. परंतु आज आपल्या शाळांचे आणि कार्यालयांचे निरोप ज्या ॲपांवरून फिरतात, त्यांत क्लायंट, सर्व्हर आणि नियम बहुधा एकाच कंपनीच्या हाती असतात. ते ॲप सोडावयाचे तर माणसे सोडावी लागतात. शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी गट काढताना अथवा कचेरीने त्यात बॉट बसविताना, येथून बाहेर पडण्याची वाट आहे काय आणि चाव्या कोणाकडे आहेत, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल. ते पहिल्या दिवशी विचारण्यास काही खर्च येत नाही; उशिरा विचारले, तर उत्तर आपल्या हाती राहिलेले नसते.